कॅना, आग्नेयेचा वारा

रेडिओवरची बाई सांगते, हेब्रिडीज, आग्नेय आठ,
नंतर नऊ. कांद्याचा भाव सांगावा तशी.
कॅनाचं बंदर पश्चिमेच्या वाऱ्याला पाठ देऊन बसलेलं,
पूर्वेला मात्र सताड उघडं,
आणि आम्ही नेमके त्या दारात.

रूअरी साखळी सोडतो. पाच मीटरला पिवळी खूण,
दहाला दोन. मी मराठीत मोजतो,
तो इंग्रजीत थांबतो.
चाळीस. इंजिन मागे. साखळी ताणते, थरथरते.
तो तिच्यावर तळवा ठेवतो,
मी छत्तीस वर्षं पेस्लीत लोकांच्या मनगटावर ठेवायचो तसा,
आणि म्हणतो, "बसला, वाटतं."
हा "वाटतं" मला रात्रभर पुरणार.

आमच्याकडे दोघांनाही नांगरच म्हणतात.
शेतातला चालला पाहिजे, पाण्यातला थांबला पाहिजे,
आणि नाव एक. ठेवणारा घाईत असावा.
हे मी रूअरीला सांगितलं.
तो म्हणाला, याचा आकारही फाळाचाच आहे, बघितला नाहीत?
नव्हता बघितला. बारा वर्षं या बोटीवर येतोय.

हा माझा जावई. म्हणजे होता.
फेब्रुवारीत शर्वाणी लीड्सला गेली,
सह्या झाल्या, कुत्रा याच्याकडे राहिला.
माजी जावई म्हणावं तर आमदार वाटतो.
मी नुसतं रूअरी म्हणतो.
तो मला अजून बाबा म्हणतो, पहिल्या बा-वर जरा जास्त जोर देऊन.
तिचा विषय आम्ही काढत नाही.
डिझेलचा काढतो, पंपाचा काढतो.

रात्री दोन खुणा धरल्या:
धक्क्यावरचा दिवा, आणि टेकडीखालच्या घरातली एक खिडकी.
दोन्ही एका रेषेत, तोवर आपण जागच्या जागी.
एकच्या सुमारास खिडकीतल्या माणसाला झोप आली.
त्यानं दिवा मालवला,
आणि आमची अर्धी पृथ्वी गेली.

मग तो आवाज. बोटीच्या पोटातून, दात खाल्ल्यासारखा.
नांगर नांगरायला लागला होता.

रूअरी पुढे पालथा, कमरेला दोरी, कपाळावर दिवा.
मी सुकाणूवर, इंजिन वाऱ्याच्या तोंडात घालून.
तो काय ओरडतो ते वारा माझ्यापर्यंत येऊ देत नाही.
त्याचा हात डावीकडे गेला की मी डावीकडे.
हात थांबला की मी थांबतो.
एवढं नीट मी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही,
तिचं तर नाहीच.
साखळी वर आली, नांगर आलाच नाही:
त्या जागी शेवाळाचा भारा, माणसाएवढा,
ओल्या चामड्याच्या पट्ट्यांचा, घट्ट मिठी मारून.
पावाच्या सुरीनं त्यानं तो कापला, मिनिटं नऊ की नव्वद.
खडक मागे इतका जवळ
की त्याच्यावर झोपलेले पक्षी वैतागून उठले.

पुन्हा टाकला. या वेळी वाळू मिळाली,
असं तो म्हणतो. मला कुठली दिसायला.

खाली आल्यावर त्यानं खण उघडला,
लिंबाच्या लोणच्याची बरणी काढली,
आणि टोस्टवर घालून उभ्या उभ्या खाल्लं.
ती बरणी तिनं भरलेली. बोटीवरून कुणी उतरवली नाही.
मीही खाल्लं. मीठ जास्त झालंय, दोघांनीही म्हटलं नाही.

पाचला उजाडतं, म्हणजे राखाडी जरा पातळ होते.
कड्यावर बोटींची नावं रंगवलेली दिसतात,
इथं थांबून गेलेल्यांची.
वारा तसाच. खिडकीत पुन्हा दिवा, निर्लज्जपणे.
रूअरी बसल्या बसल्या झोपलाय,
त्याच्या हातातली सुरी काढून मी खणात ठेवतो.
फोनवर शर्वाणीचा निरोप आहे,
काल धक्क्यापाशी रेंज होती तेव्हा आलेला,
वाचून बाजूला ठेवलेला:
लाइफ-जॅकेट घाला.

जन्मभर मला अरे-तुरे करते ही पोरगी.
घाला?

मी पुढे जातो, साखळीवर तळवा ठेवतो.
गार आहे. थरथरतेय.
सरकत नाहीय, वाटतं.